मांजरीची चापट

सकाळी गॅलरीत उभी राहून मी पुण्यातल्या मुलाला फोनवर सांगत होते की फोडणीत मोहरी तडतडली की मगच हिंग घाल. समोर पाण्याच्या टाकीखाली मांजर पहुडली होती. तिचं पिल्लू, आता जवळजवळ तिच्याएवढं झालेलं, दूध प्यायला तिच्या पोटाशी घुसलं. तिने फिस्कारून त्याला एक सणसणीत चापट दिली. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "बघा, शिका जरा तिच्याकडून. तुमचा तिशीला आला."

मला या शिकण्याचा वैताग आलाय. शाळेत बाईंनी मुंगी दाखवली, सासरी सासूबाईंनी गोठ्यातली गाय. बोलायचं असतं यांना, आणि पुढे करतात त्या मुक्या जिवाला. हीच मांजर दुपारभर पाय ताणून झोपते. तेव्हा मात्र "तिच्यासारख्या जरा पडा" असं मला कुणी म्हणत नाही.

तरी काकूंचं बोलणं लागलंच. संध्याकाळी मुलाला फोन केला नाही. फोन मांडीवर ठेवून गॅलरीत नुसती बसले. मांजर टाकीवर होती, पिल्लू खाली पाचोळ्यात एकटंच काहीतरी हुडकत होतं. ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. वळून बघत नव्हती. पण खाली जरा खुट्ट झालं की तिचा एक कान तेवढा मागे वळायचा.

हे काकूंना दाखवायला हवं होतं. पण त्या घरात होत्या, बोलवायला आत जावं लागलं असतं, आणि आमच्याकडे फोनला रेंज फक्त गॅलरीतच येते.