वेणी होईपर्यंत उघडणारा कॉम्प्युटर

काकूंनी संसारात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द म्हणजे ‘छान’. नवऱ्याने स्वयंपाकघरात फळी ठोकली आणि तिच्यावरचे डबे हळूहळू डावीकडे सरकायला लागले, तेव्हाही त्या ‘छान’ म्हणाल्या. त्याने दुरुस्त केलेल्या नळाखाली बादली ठेवतानाही ‘छान’च म्हणाल्या. काका जन्मभर पाण्याचे मीटर वाचत हिंडले होते. निवृत्त झाले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. नातेवाईक त्यांना ‘इंजिनिअर’ म्हणत. त्यातला टोमणा काकांपर्यंत कधी पोचला नाही, कारण मध्ये काकू उभ्या होत्या.

काकू घरी भरतकामाच्या ऑर्डरी घेत. नक्षी कॉम्प्युटरवर टाका टाका जुळवून काढायची, मग मशीन ती कापडावर भरी. कॉम्प्युटर म्हातारा. सकाळी बटण दाबून काकू केस विंचरायला बसत. वेणी संपून टोकाला रबर लागला, की तो डोळे उघडत असे.

एका रविवारी काकांनी एसएसडी नावाची नवी, चपळ डिस्क आणली. जुन्या डिस्कवरचं विंडोज आणि सगळं काम तिच्यावर उतरवलं, तिला जुनीच्या शेजारी बसवलं आणि जाहीर केलं, “आता विमान झालंय, विमान!”

“छान,” काकू म्हणाल्या.

सोमवारी वेणी झाली, रबर लागला, तेव्हा कुठे विमान उतरलं. काकूंनी मनाची समजूत घातली, की आपलेच केस विरळ झालेत, म्हणून वेणी लवकर होते. शेजारीण पडद्याकडे न बघताच “केवढा फरक!” म्हणाली. मुलीला तर फोनवरूनच वेग जाणवला.

शनिवारी जावई आला. काका म्हणाले, “जुनी डिस्क तुम्हीच न्या. घरी पुसून टाका आणि वापरा. पण आधी आमची नवी बघा. सगळं जसंच्या तसं!” त्यांनी नव्या डिस्कवरचं काकूंच्या नक्ष्यांचं फोल्डर उघडून दाखवलं.

काकू चहा घेऊन आल्या आणि ट्रे धरून तशाच थबकल्या. फुलं होती, वेली होत्या, बदकं मात्र नव्हती. बालवाडीच्या एप्रनांसाठी आठवडाभर डोळे फोडून काढलेली बदकं. म्हणजे रविवारनंतरचं सगळं काम जुन्या डिस्कवरच होत होतं. कॉम्प्युटर अजून तिच्यावरूनच सुरू होत होता. आणि काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता.

“अहो, थांबा. ती देऊ नका.”

“अगं, आता काय करायचंय तिचं?”

“माझी बदकं तिच्यात आहेत. आणि कॉम्प्युटर फास्ट झालेला नाही. मुळीच नाही.”

जावयाने ट्रेमधला कप उचलून त्यात तोंड खुपसलं.

“तूच तर छान म्हणालीस!”

“मी तर नळालाही छान म्हणाले होते.”

काका खाली बसले, सगळं पुन्हा नव्या डिस्कवर उतरवायला लावलं आणि तोवर खिडकीबाहेर बघत राहिले. बदकं आलेली काकूंनी स्वतः मोजून घेतली. मग काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि जुन्या डिस्कची तार काढली.

“घाल वेणी,” ते घुश्शातच म्हणाले.

काकूंनी केस सोडले, काकांनी बटण दाबलं. तीन पेड हातात धरून जेमतेम एक पीळ पडला आणि पडद्यावर बदकं हजर. काकूंचे हात हवेतच राहिले.

“आता?” काकांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

“आता खरंच छान.”

काकांनी काकूंकडे नीट निरखून पाहिलं. मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली.

“आणि ती फळी?”

काकूंनी आधी अर्धी राहिलेली वेणी सावकाश पुरी केली, रबर लावला.

“तिरकी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून.”