रांजणाचा ओटा

तो ओटा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. गंमत अशी, की तपास चालू होता तेव्हा तो कुठे बांधलेलाच नव्हता.

मी मालेगावला ठाणेदार होतो. गावातला एक ठेकेदार तक्रार अर्ज घेऊन आला. आसेगावकडच्या मुलींच्या वसतिगृहाचं टेंडर त्याच्या हातून गेलं होतं आणि मिळालं होतं त्याच्या सख्ख्या साडूला, तेही अगदी थोडक्या फरकाने. आपला खर्चाचा अंदाज फुटला आणि तो फोडला आपलं काम करणाऱ्या इंजिनिअर मुलीने, असं त्याचं ठाम म्हणणं होतं.

ही मुलगी शेलूबाजारची. इमारत आधी कॉम्प्युटरवर उभी करायची, हा तिचा धंदा. ते नुसतं चित्र नसतं. भिंत घातली की विटा किती, सिमेंट किती, सळई किती आणि खर्च किती, सगळं तिथेच निघतं. बोली त्यावरूनच लावतात. ठेकेदाराने ठाण्यात येण्याआधीच नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचं नाव टाकलं होतं. दुसऱ्या ठेकेदारांनी तिला दिलेली कामं काढून घेतली.

महिला अंमलदारासमोर मी तिचा जबाब घेतला. ती रडली नाही, याचं मला बरं वाटलं. तिने लॅपटॉप उघडून सगळं मॉडेल दाखवलं. फाटकाजवळ एक छोटा ओटा होता. सरकारी नकाशात तो नव्हता. तिने सांगितलं, या ठेकेदाराचे वडील पाया खणायच्या आधी मजुरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी रांजणाचा ओटा बांधत आणि काम संपल्यावर तो गावाला ठेवत. मुलानेही ती रीत सोडली नव्हती, म्हणून तिने तो खर्चात धरला होता.

दोन दिवसांनी आमच्या हवालदाराला एका जीपवाल्याने खबर दिली, की साडू चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये कसलीशी इमारत फिरवून दाखवत होता. मी त्याला बोलावलं. माणूस तयारीचा होता. आपलं मॉडेल आपल्याच इंजिनिअरने केलं, असं तो छातीठोक सांगत राहिला. मी म्हटलं, मग दाखवा. त्याने दाखवलं, आणि फाटकाजवळ तोच ओटा.

हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, वॉचमनला बसायला. मी फिर्यादीला आत बोलावलं. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला.

"हा ओटा माह्या बापाचा हाय. तुह्या बिल्डिंगीत कुठून आला?"

आता साडूही तापला. "कुठून म्हंजे? साळ्याच्या लग्नाच्या ग्रुपवर तुमीच त लिंक धाडली ना, साडभाऊ."

मी फिर्यादीचा मोबाइल मागून घेतला. मुलीलाही ठाण्यात बोलावून घेतलं. तिने त्याला दोन लिंक दिल्या होत्या, एक नुसती पाहण्यासाठी आणि एक दरांसकट. सासरच्यांपुढे मोठेपणा मिरवायच्या नादात गड्याने दरांसकटची टाकली होती. घरचाच भेदी निघाला, पण तो फिर्यादीच होता. मला मनापासून राग आला. चोरीचा गुन्हा बनत नव्हता. बोलीचं काय करायचं ते संबंधित कार्यालयाने ठरवावं, म्हणून अहवाल पाठवला, आणि पुढे फेरनिविदा निघाली.

पण त्या दिवशी ठेकेदार माझी माफी मागून उठायला लागला, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, सायबाची माफी कायले मांगता? माह्यं नाव ज्या ग्रुपवर घेतलं, त्याच ग्रुपवर बोला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. शेवटी माझ्या टेबलासमोर उभं राहून त्याने आवाजी मेसेज टाकला, की पोरीनं काई केलं नाई, चूक माह्यी हाय. साडूच्या खिशातला मोबाइल लगेच वाजला.

त्यानंतर कुठल्याही प्रकरणात पहिली उलटतपासणी मी फिर्यादीची केली. गेलेला माल आम्ही शोधून देतो, पण माणसाचं नाव ज्याने घालवलं त्यालाच ते परत आणावं लागतं.

फेरनिविदेसाठीही तो तिच्याकडेच गेला. तिने काम घेतलं, पण एका अटीवर. "मॉडेल मी करतो, काका. लिंक मात्र काकूच्या मोबाइलवर धाडीन."

काम त्यालाच मिळालं. मागच्या उन्हाळ्यात आसेगावकडून जाताना मी फाटकाजवळच्या ओट्यावर टेकलो आणि रांजणातलं पाणी प्यालो.