अर्ध्या वाटेवरचं नागपूर

दुबई ते बँकॉक म्हणजे जवळपास पाच हजार किलोमीटर, सहा तासांचा प्रवास. नकाशावर सरळ रेघ ओढली तर नागपूर साधारण मधोमध येतं. पॅकिंगच्या मशीन दुरुस्त करायला दुबईतली माझी कंपनी मला बँकॉकला पाठवायची, तेव्हा मी आपल्याच गावावरून उडत जायचो. घरी जायला मात्र दोन वर्षं सुट्टी मिळाली नव्हती.

त्या एप्रिलमध्ये माझ्या पुढच्या रांगेतले एक थाई आजोबा छाती धरून वाकले. प्रवाशांत एक डॉक्टर निघाली, तिनं त्यांना खाली आडवं केलं. थोड्याच वेळात घोषणा झाली, आपण नागपूरला उतरतोय.

दार उघडलं तशी उन्हाची झळ आत आली. स्ट्रेचर गेलं, मागोमाग त्यांची बायको पर्स छातीशी धरून उतरली. सांगायला लाज वाटते, पण मला तिचा हेवा वाटला. मग दार बंद झालं.

मी विमानातल्या मुलीला म्हटलं, "माझं घर इथून चार किलोमीटरवर आहे. पासपोर्ट भारतीय आहे. मला उतरू द्या."

"सर, फक्त पेशंट आणि त्यांच्यासोबतची व्यक्ती. प्लीज बसून घ्या."

बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवलेलं नागपूरचं सिम फोनमध्ये होतं. आईला फोन लावला.

"नागपुरात? काहून रे, आधी सांगितलं नाही!"

"विमानात बसून हावो, आई. उतरू देऊन नाही राहिले."

"आपल्याच गावात? थांब, आम्ही येतो."

"नको येऊ, भेटता नाही येणार," मी म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवला होता.

विमानाचे कागद, इंधन, औषधांची पेटी भरणं, यात तास गेला, दुसराही गेला. खिडकीतून धावपट्टीच्या कडेचं वाळलेलं गवत आणि कुंपण दिसत होतं. कुंपणापलीकडचा रस्ता मला पाठ होता. शेजारचा माणूस घोरत होता. शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी तिसऱ्यांदा उठलो तेव्हा ती मुलगी फक्त मानेनं नाही म्हणाली.

मग बाबांचा फोन आला. "मी गेटवर हावो. शिपाई आत सोडत नाही. मी म्हटलं, पोरगा तीनशे मीटरवर हाये माहा. तो म्हणते, असंल काका."

"आईले द्या."

"ते नाही इथं. एक परदेशी बाई बाहेर आली, रडून राहिली होती. तिची कागदपत्रं होईपर्यंत ॲम्ब्युलन्स निघून गेली, असं शिपाई म्हणे. तुही आई तिले आम्ही आलो त्याच ऑटोत घालून दवाखान्यात गेली. मले म्हणे, तुम्ही थांबा पोराजवळ."

बाबा खरंच थांबले. चौथ्या तासाला विमान हललं तेव्हाही ते फोनवर होते. "पाणी पी," ते म्हणाले आणि फोन कट झाला.

बँकॉकला उतरून आईला फोन करून विचारलं. आजोबांच्या हृदयात स्टेंट टाकला होता. आई त्या बाईला खुणांनी जेवायला घालत होती. ते दोघं आठ दिवस नागपुरात राहिले, आई रोज डबा न्यायची.

माझं काम पाचव्या दिवशी संपलं. परतीचं विमान कुठंही न थांबता दुबईला गेलं. घरी जाणं झालं ते दिवाळीत.