अंथुर्ण्याचा डाग

“वहिनींचा वात आमच्या आईच्या डागानं गेला. गोळ्या नुसतं निमित्त.”

अंथुर्ण्याचा माझा धाकटा चुलतभाऊ हे वाक्य नव्वदच्या दशकात लग्नाच्या मांडवात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर, ऐकणारा भेटेल तिथे सांगत असे, आजही सांगतो. वहिनी म्हणजे माझी पत्नी. तिच्या दुखण्यात घरी मी होतो, तो नव्हता. ‘गेला’ हा शब्दसुद्धा खोटा आहे. दुखणे गेले नाही, ताब्यात आले, आणि गोळ्या अजून चालू आहेत.

आधी दुखणे काय होते ते सांगतो, कारण ‘वात’ या एका शब्दात सारे गुंडाळण्याची आमच्याकडे सवय आहे. कऱ्हाटीला आमच्या घरी सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नसे. दोन्ही मनगटे आणि बोटे सुजून, अंगणात ऊन चढेपर्यंत ताठ राहत. भाकरी थापणे सुटले. पाण्याचा तांब्या ती दोन तळव्यांत धरून उचलू लागली. नातेवाइकांचे निदान ठरलेले होते: अंगात ताकद नाही. डिंकाचे लाडू झाले, ताकदीची इंजेक्शने झाली.

बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून नेमके उलटे सांगितले. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या नव्हत्या, नको तितक्या चेतलेल्या होत्या. सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परके समजून त्या तिथे जमत आणि सूज आणत. ती तशीच राहिली तर पुढे हाडही झिजते. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरे होती, म्हणून मला हे समजायला वेळ लागला नाही. राखणीचे कुत्रे घरच्याच कोकरांवर उलटले होते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण सावकाश येईल, असेही डॉक्टरांनी बजावले.

त्याच आठवड्यात अंथुर्ण्याला चुलतभावाच्या घरी बारसे होते. पत्नी पुढे गेली, मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने. लंगडे मेंढरू असो की माणूस, त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या चुलतीकडे, इलाज एकच: तापलेल्या सळईचा डाग. मी दारात पोहोचलो तेव्हा पत्नी दातांत पदर धरून चुलीपाशी बसली होती आणि चुलती सळई पुन्हा निखाऱ्यांत सरकवत होती. मी घागर उचलून चुलीत ओतली. बारशाच्या दिवशी चूल विझवली म्हणून चुलतीने माझ्याशी अबोला धरला. मला त्याचा खेद तेव्हाही नव्हता, आजही नाही.

उन्हाळा सरता सरता पत्नी पुन्हा भाकरी थापू लागली, आणि चुलतभावाने श्रेय आईच्या पदरात टाकले. आईचे कौतुक म्हणून मी ते सोडूनही दिले असते. पण पुढच्या वर्षी त्याच्या सुनेचे हात तसेच सुजले. बारामतीहून आणलेल्या तिच्या गोळ्या त्याने बंद केल्या आणि येत्या अमावास्येला डाग द्यायचे ठरवले. दाखला दिला तो माझ्या पत्नीचा. हे कळताच मी पत्नीला घेऊन अंथुर्णे गाठले.

“गोळ्यांनी त्या पेशी दबत्यात, तात्या,” तो म्हणाला. “मंग माणूस उघडाच पडला की.”

“चावरं कुत्रं तू मारतोस का बांधतोस?”

“आन बांधल्यावर लांडगा आला तर?”

प्रश्न रास्त होता. त्याचा एवढाच एक. ताप आला की लगेच दाखवायचे, ठरल्या वेळी रक्त तपासायचे, ते त्याचसाठी, असे मी समजावून सांगितले. तो हसला.

“एवढी उठाठेव कशापायी? वहिनींना एका डागात गुण आला. व्हय का न्हाय?”

सून दाराआड उभी होती, हात पदराखाली. पत्नी उठली आणि तिने आपली दोन्ही मनगटे सुनेपुढे धरली. सुनेने ती उलटसुलट करून पाहिली, वाकवून पाहिली. दुसऱ्या सकाळी ती आमच्याबरोबर बारामतीच्या एसटीत बसली.

चुलतभावाने आपले वाक्य बदललेले नाही. म्हणून आता लेखी सांगतो: माझ्या पत्नीचे दोन्ही हात एकाच सुमारास मोकळे झाले, आणि डाग आहे तो फक्त उजव्या मनगटावर.