बंडी निघताना आलेली शिंक

लग्न होऊन केळापूरजवळच्या गावात आले तेव्हा आमच्या खोलीत एक पलंग होता आणि आढ्यापर्यंत कापूस. त्या वर्षांत भाव वर सरकायचं नावच घेत नव्हता. आज विकू, उद्या विकू करत घरातली माणसं अंगणात येरझारा घालायची. मलाही चैन नव्हतं, पण ते शिंकांमुळे. एकदा सुरू झाल्या की थांबायच्याच नाहीत. नाक गळायचं, डोळे चोळून लाल व्हायचे.

नुसत्या शिंकांचं काही नव्हतं हो. पण कोणी निघताना शिंकलं की काम फसतं, असं आमच्याकडे मानतात. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, पांढरकवड्याच्या बाजाराला निघायची आणि मी नेमकी शिंकायची. सासरे कासरा टाकून खाली बसायचे. घोटभर पाणी पिऊन, घडीभर थांबून मग निघायचे. बाजारात भाव पडलेलाच असायचा आणि खापर माझ्या नाकावर फुटायचं.

"काहून वो, तुले आत्ताच शिंकाचं होतं?" सासूबाई म्हणायच्या. मग त्या बंडी भरताना मला शेजारी पाठवू लागल्या. एकदा नवराच म्हणाला, "कापूस विकेपर्यंत माहेरी राह्य ना." मी अशी भडकले! आतून मात्र धास्तावले होते. गेले असते तर परत बोलावलं असतं की नाही, कोण जाणे.

यवतमाळच्या डॉक्टरांनी हातावर सुया टोचून पाहिलं, काही उठलं नाही. रक्तातही काही निघालं नाही. म्हणजे नाटकं, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी सासूबाईच मला नागपूरला घेऊन गेल्या, बहुतेक माझं खोटं पकडायला. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाकात कापसाची धूळ सोडली आणि नाकातलं पाणी तपासायला घेतलं. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "ॲलर्जीची प्रतिपिंडं हिच्या नाकाच्या अस्तरातच आहेत, रक्तात नाहीत. म्हणून आधी सापडली नाहीत."



पुढची बंडी निघाली तेव्हा मला कोणी शेजारी पाठवलं नाही. मी पदर नाकाशी दाबून दारात उभी होते. तरी शिंकलेच. सासऱ्यांनी कासरा टाकला.

"हाका ना बंडी!" सासूबाई ओरडल्या. "थे कापसाची शिंक हाय, तिची नाही."

मला रडूच आलं.

भाव त्या दिवशीही पडलेलाच निघाला, पण मला कोणी काही बोललं नाही. आता आमच्या खोलीत कापूस नसतो आणि शिंकाही फारशा येत नाहीत. तरी घरातून कोणीही बाहेर निघालं की माझा हात आधी नाकावर जातो.