राजमा आणि जॅकपॉट

मी बर्लिनमध्ये जुगाराच्या मशीनचं सॉफ्टवेअर तपासते. बटण दाबलं की पडद्यावर लिंबं, चेरी आणि घंटा गरगर फिरतात, ती मशीन. जॅकपॉट लागल्यावर दिवे नीट लागतात ना, गाणं मधेच अडकत नाही ना, हे पाहण्यासाठी आम्हाला ऑफिसात एक खास बटण दिलेलं असतं. ते दाबलं की जॅकपॉट लागतोच. सासरी मात्र मी 'बँकेसारखं काहीतरी' करते असं सांगून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं, आज काय केलंस? दमले होते, खरं बोलून गेले. "दिवसभर जॅकपॉट लावत बसले."

तिनं दुसऱ्या दिवशी जिन्यात हे जर्मनमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं. आजोबा निवृत्त बसड्रायव्हर. दर गुरुवारी जेवण झालं की कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात जाऊन तिथल्या मशीनसमोर बसायचे. शनिवारी सकाळी ते केक घेऊन आमच्या दारात हजर. आम्ही इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

"आल्झो, तर मग," खुर्चीत बसत ते म्हणाले, "माझ्या मशीननं किती महिने काही दिलेलं नाही. म्हणजे आता ते द्यायला आलं असणार. हो ना?"

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्याच टेबलावर पांढरे वाटाणे निवडत होत्या. "काय म्हणतायत गं ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, मी जुगाराच्या मशीनचं काम करते. त्याबद्दल विचारतायत."

सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग बँकेसारखंच की," म्हणाल्या आणि पुढचा खडा काढला.

मी आजोबांना सांगितलं की आधी किती वेळा हरलात याचा पुढच्या खेळाशी काही संबंध नसतो. त्यांना पटेना. शेवटी मी वाटाण्यांचा डबा पुढे ओढला, त्यात एक राजमा टाकला, डबा हलवला आणि दोघांना कळावं म्हणून जर्मन आणि मराठी दोन्हींत सांगितलं. "हा राजमा म्हणजे जॅकपॉट. डोळे मिटून एकच दाणा काढायचा. वाटाणा निघाला तर परत टाकून डबा हलवायचा. आई, तुम्ही काढून दाखवा."

सासूबाईंनी डोळे मिटले, डब्यात हात घातला आणि पहिल्याच फटक्यात राजमा काढला.

आजोबा उठून उभे राहिले. त्यांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि गुरुवारी आपल्याबरोबर हॉटेलात येण्याचं आमंत्रण दिलं.

"आई! तुम्ही चाचपून काढलात!"

"मग? तू डोळे मिटायला सांगितलंस. बोटांचं काही बोलली नव्हतीस."

मी राजमा बाजूला ठेवला, एका वाटाण्यावर पेननं काळी खूण केली आणि डबा आजोबांपुढे सरकवला. त्यांनी दाणा काढला, परत टाकला, काढला, परत टाकला. चहा गार झाला. लेक कंटाळून खेळायला गेली. मग कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "आता येणारच. इतक्या वेळा काढलं!"

"पण तुम्ही किती वेळा काढलं हे डब्याला कुठे माहीत आहे?"

त्यांचा हात डब्यातच थांबला. "मशीनलाही माहीत नसतं?"

"नाही. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी तुम्ही नवीनच."

"मी दर गुरुवारी येतो हेही नाही?"

"नाही हो."

"इतकी वर्षं मी त्याला निघताना 'च्युस' म्हणतो!"

तोपर्यंत मी समजत होते की ते हरल्याचं वाईट वाटून घेतायत. तसं नव्हतं. मशीन आपल्यावर रुसलंय, एक दिवस रुसवा काढेल, असं ते धरून चालले होते. ते आपल्याला ओळखतच नाही, हा त्यांना अपमान वाटला. सासूबाईंना मी मराठीत सगळं सांगितलं.

"अगंबाई," त्या हळहळल्या, "त्यांना म्हणावं, ओळख नसलेल्याकडे दर आठवड्याला कशाला जायचं?"

मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि गेले. गुरुवारी ते हॉटेलात गेले नाहीत. आमच्याकडे आले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे मटाराच्या शेंगांचं ताट ठेवलं, आणि दोघं एकमेकांचा एक शब्दही न समजता तासभर शेंगा सोलत, गप्पा मारत बसले.

ऑफिसात मी ही गोष्ट जेवताना सांगितली. सगळे हसले, पण माझा बॉस गंभीर झाला. मशीननं रोजच्या माणसाला नावानं हाक मारली तर कसं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "डाटनशुट्झ." म्हणजे लोकांची खासगी माहिती जपण्याचे नियम. जर्मनीत या शब्दापुढे कुणाचंच काही चालत नाही. बॉसनं मान डोलावली आणि मुकाट्यानं बटाटे खाऊ लागला.