पिशवीची चौथी बाजू

मला हसू आलं की थांबत नाही. हा काही आजार नाही, पण आजारापेक्षा कमीही नाही. मयतीच्या घरी मला मागच्या रांगेत बसवतात. विहारात वंदना चालू असताना कोणी नुसतं शिंकलं तरी मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबते. आता नातवंडं झाली तरी तेच. तरुणपणी तर विचारूच नका. शिवणवर्गाचं प्रमाणपत्र हातात असूनही या हसण्यापायी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या. पहिल्या मुलाखतीत साहेबांची खुर्ची कुरकुरली. दुसरीत साहेबांनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते बुडूनच गेलं. साहेब कपात बघत राहिले, आणि मी बाहेर.

तिसरं बोलावणं आलं ते नागपूरच्या सदर भागातल्या एका मुलींच्या शाळेतून. शिवणशिक्षिका पाहिजे होती. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. बाबा पुढल्या वर्षी मिलमधून निवृत्त होणार होते, घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ही नोकरी मिळालीच पाहिजे, असं सगळ्यांनी मला न बोलता सांगितलं होतं. माय मात्र बोलून मोकळी झाली. या बारीला हसलीस तर घरी येऊच नको, म्हणाली.

पत्रात एक ओळ होती : उमेदवाराने स्वतःच्या हाताने केलेल्या शिवणकामाचा एक नमुना आणावा. ‘स्वतःच्या’ या शब्दाखाली टाइपरायटरने रेघ मारलेली. आता झबलं आणि परकर तर कोणीही नेईल. मी सदरच्या एका दुकानापुढे एका बाईच्या खांद्याला एक पिशवी पाहिली होती. कापडाचीच, पण गुबगुबीत, आत कापूस घालून वरून चौकटी-चौकटींची टीप मारलेली, दोन रुंद बंद. ती बाई रिक्षात बसून जाईपर्यंत मी तिच्या पाठीमागे उभी राहून टिपा मोजल्या होत्या. ठरलं, तशी पिशवी शिवायची.

बाबांनी मिलमधून चिंध्या आणल्या, निळ्या फुलांच्या आणि पट्ट्यापट्ट्यांच्या. कापूस जुनी उशी फोडून काढला. मे महिन्यातलं आमचं नागपूर, पत्र्याचं घर, त्यात दारं लावून मी कापूस पिंजत बसलेली, कारण दार उघडलं की कापूस उडायचा आणि लावलं की मी भाजून निघायची. घामावर कापूस चिकटून मला दाढी आली. आरशात पाहिलं आणि संपलंच, अर्धा तास काम बंद. शेजारच्या काकूंकडून हाताची मशीन आणली होती. तिच्या सुईखाली कापडाचे दोन थर आणि मधला कापूस काही जाईना. तीन सुया मोडल्या. टिपा निघाल्या त्या कन्हान नदीसारख्या, कधी इकडून कधी तिकडून. मी मशीनला नावं ठेवत होते. शिवता येईना म्हणे सुई वाकडी.

माय हे सगळं चुलीपाशी बसून बघत होती. अख्ख्या वस्तीच्या गोधड्या मायच्या हातच्या. तिचा धावदोरा असा, की पट्टी ठेवून रेघ मारावी. पण मी पडले प्रमाणपत्रवाली. मायचं काम म्हणजे चिंध्यांचं काम, हातानं शिवायचं काम, असं मला वाटायचं. लाज वाटते आता सांगायला, पण वाटायचं. तिनं एकदा सुई पुढे केली तर मी म्हटलं, राहू दे माय, हे तुझ्यातलं नाही. तिनं सुई परत पदराला टोचली. नुसतं विचारलं, दोन कापडं आणि मधी कापूस, मंग गोधडी नाही तर काय आहे वं हे? मी म्हटलं, पिशवी.

आमच्या वस्तीत एक रीत होती. पोरीनं आयुष्यातली पहिली गोधडी शिवली की तीन बाजू तिनं बंद करायच्या, चौथी मायनं. शेवटचा हात मायचा लागला की गोधडी ऊब धरते म्हणायचे. ज्या पोरीची माय गेलेली, ती चौथी बाजूही एकटीच शिवायची, आणि तेव्हा बघणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. मी गोधडी कधी शिवलीच नव्हती, त्यामुळे माझ्या मायची ही हौस राहून गेली होती. हे मला तेव्हा सुचलंही नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी पिशवी तयार झाली. प्रमाणपत्र, शाळेचा दाखला, रुमाल, कंगवा असं सगळं आत टाकून मी ती खाटेवर ठेवली आणि आंघोळीला गेले. परत आले तर उशीर झालेला. पहिल्यांदाच सहावारी नेसत होते, तीन वेळा सुटली. बाबा बाहेर सायकलची घंटी वाजवत होते. मायनं स्वतः पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, पाठीवरून हात फिरवला. तिचा चेहरा असा फुललेला, की मला वाटलं, आपण साडीत बरे दिसतो.

सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसून मी घाम पुसायला रुमाल काढायला गेले. हात आत जाईना. म्हटलं, उलटी धरली असेल. फिरवली. तिकडूनही बंद. आडवी केली, उभी केली, पिशवीला कुठूनच तोंड नाही. आणि मग मला ते टाके दिसले. बारीक, सरळ, ठासून भरलेले, तीन ओळी. मी आंघोळ करून साडी नेसेपर्यंत मायनं आपली चौथी बाजू शिवून टाकली होती.

मी हसायला लागले. अशी हसले की सायकल डुगडुगायला लागली. बाबांना वाटलं मी रडते आहे. घाबरू नको बाई, म्हणाले, परीक्षाच आहे. मी पिशवी त्यांच्या तोंडापुढे धरली तर ते पुढच्या टांग्यावर जाता जाता वाचले. त्यांनी सायकल थांबवली, पिशवी चारी बाजूंनी चाचपली आणि कपाळाला हात लावला. मग तेही हसायला लागले. भर रस्त्यात बाप-लेक पिशवी धरून हसतात, आणि लोक वळसा घालून जातात.

शाळेच्या बाकावर बसून मी दातांनी टाका तोडायचा प्रयत्न केला. मायची दुहेरी दोऱ्याची शिवण. दात हलला, दोरा नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत तिघं होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे एक चष्मेवाले गृहस्थ आणि निवृत्त होणाऱ्या शिवणाच्या बाई. गृहस्थांनी प्रमाणपत्र मागितलं. मी म्हटलं, पिशवीत आहे. मग काढा, म्हणाले. मी पिशवी टेबलावर ठेवली. ते तोंड शोधायला लागले. आधी वरून, मग खालून, मग चष्मा काढून. मी नखं तळहातात रुतवली, ओठ चावला, मायची चौथी बाजू नको आठवायला म्हणून पाढे म्हटले. सतरा त्रिक एक्कावन्नला बांध फुटला.

मुख्याध्यापिकांची भुवई वर गेली. गेली ही पण नोकरी, असं मनाशी म्हणत मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते काही नुसतं हसण्याचं नव्हतं. शिवणाच्या बाईंनी मात्र पिशवी ओढून घेतली होती. त्या मायच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत होत्या, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“हा टाका कोणाचा?”

माझ्या तोंडात ‘माझा’ आलाच होता. अगदी जिभेच्या टोकावर. पत्रातली ती रेघ मारलेली ओळ डोळ्यापुढे होती, बाबांचं निवृत्तीचं वर्षही होतं.

“मायचा,” मी म्हटलं. “बाकी जेवढं वाकडं आहे, तेवढं माझं.”

आणि सगळं सांगून टाकलं. कापसाची दाढी, तीन सुया, चौथी बाजू, सगळं. मुख्याध्यापिका हसल्या. गृहस्थ नियमावर बोट ठेवून बसले, नमुना स्वतःच्या हातचा नाही म्हणाले. तेव्हा शिवणाच्या बाईंनी आपल्या डब्यातून कात्री, सुई आणि बोटात घालायचं अंगुस्तान काढून माझ्यापुढे ठेवलं. मशीनची टीप तीन महिन्यांत सरळ होईल, म्हणाल्या, आता हे उसव आणि तोंडाची कड हातानं दुमडून शिव, आमच्यासमोर.

मायचे टाके मी कात्रीनं कापले. हसू कुठे पळालं कोण जाणे. मग कड दुमडली आणि शिवायला लागले, तर नवल म्हणजे हात आपोआप चालला. लहानपणी मायच्या गोधडीवर बसून दोरा ओवून दिला होता, ते बोटांनी पाहून ठेवलं असावं. पाऊण तासानं मुख्याध्यापिका म्हणाल्या, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात हजर व्हा. आणि वर्गात हसायचं असेल तर मुलींबरोबर हसा.

घरी आल्यावर बाबांनी उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं. मायनं पोळपाट बाजूला सारला, माझ्या दोन्ही गालांना पीठ लावलं. मग तिची नजर पिशवीवर गेली. तिनं ती हातात घेतली, उघड्या तोंडावरून बोट फिरवलं.

“हे कोणी शिवलं?”

“मीच. तिथं, त्यांच्यासमोर.”

ती खाली बसली. “माय जित्ती असताना?” एवढंच म्हणाली, आणि पिशवी मांडीवर ठेवून दाराबाहेर बघत राहिली.

मला तेव्हाही हसू येत नव्हतं. मी तिच्या हातातून पिशवी घेतली, माझी कड चार बोटं उसवली, सुईत दोरा ओवला आणि तिच्यापुढे धरला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुईकडे. तळहात आत घालून तिनं तोंड नीट उघडं धरलं आणि ती चार बोटं शिवली, एकेक टाका मोजल्यासारखा. गाठ मारून दोरा दातानं तोडला. माझा हलला होता, तिचा नाही.

“बंद नाही केलं या बारीला,” ती म्हणाली. “हास आता.”